दहा मिनिटाची फेरी

दिवाळी अंकवाल्यायनं आमच्या सरले लेख मागितला होता. विषय त्यायनंच देल्ला, प्रवेश परीक्षेच्या गणिताच्या पेपरात वेळ कसा सांभाळावा. सर मले म्हणे, "देवरावजी, गणित मले येते, पण वेळेचं खातं तुमचं हाय. तुमी बोला, मी लिहितो." तं मी बोलून राह्यलो अन् ते लिहून राह्यले. पुढं काही चुकलेलं दिसलं तं ते माहं. बराबर दिसलं तं ते बी माहंच, काऊन का मंधात बोट घालाचं नाई असं सरनं कबूल केलं हाय.

आता गंमत आयका. हे वेळेचं ज्ञान सांगाले जो मानूस बसला हाय, त्याले वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत घड्याळ वाचता येत नवतं.

शाळेत मी दुसरीपर्यंत होतो. गुरुजीनं विचारलं, "देवराव, सात अन् पाच किती?" म्या म्हटलं, "गुरुजी, काय सात अन् काय पाच? बकऱ्या का आंबे?" मले खरंच मालूम करून घ्याचं होतं. त्यायले वाटलं पोट्टा उलटून बोलते. त्यायनं छडी काढली, मी पाय काढला. दुसऱ्या दिवसापासून मी बकऱ्यायच्याच मांगं होतो. अजूनही सात बकऱ्या अन् पाच बकऱ्या मले बराबर जमतात. आंब्यात थोडा घोटाळा होते, मोजता मोजता कमी होत जातात.

मंग पुढचं आयुष्य नाचणगावच्या शिवारात गेलं. निंदन, डवरन, कापूस वेचाई. गुडघे बोलाले लागले तवा पुलगावात सरच्या क्लासमंधी लागलो. झाडू मारनं, पाण्याची टाकी भरनं, झेरॉक्स आननं, अन् दर रविवारी पोट्ट्यायच्या टेस्टवर बसनं.

ही टेस्ट म्हंजे काय ते बाहेरच्या मानसाले सांगतो. बारावीनंतर इंजिनिअरिंगले जाचं असन तं एक प्रवेश परीक्षा असते. तिच्यात गणिताचा पेपर पन्नास सवालांचा अन् वेळ नव्वद मिनिटं. उत्तर लिहाचं नाई, चारातून एक निवडाचं. चुकलं तरी मार्क कापत नाई. गणित येनं ही एक गोष्ट अन् नव्वद मिनिटात येनं ही दुसरी. घरी बसून दिवसभरात पन्नास सवाल सोडवनारे गावोगावी भेटतात. म्हून रविवारी तसाच पेपर, तेवढाच वेळ, असा सराव करून घेत. खरी परीक्षा कॉम्प्युटरवर असते, पण आमच्याकडे कॉम्प्युटर तीन, त्यातला एक सर दाबत अन् दोन झाकून ठेवलेले. म्हून सराव कागदावर.

पहिल्याच रविवारी सरले वर्धेले जाचं होतं. म्हणे, "दहाला पेपर द्या, साडेअकराला गोळा करा." म्या म्हटलं, "हो." भिंतीवर हे मोठं घड्याळ. एक काटा लहान, एक मोठा, हे मलेही दिसे. पन कोन काय सांगून राह्यला हे मालूम नवतं. विचाराची शरम वाटली. म्हटलं, आपलं घड्याळ आपल्याजवळ हाय. क्लासच्या मांगून रेल्वेची लाइन जाते, अन् साडेअकराच्या सुमारास एक पॅसेंजर भोंगा देत येते. भोंगा वाजला का पेपर घ्याचे.

त्या दिवशी गाडी सव्वा तास लेट.

पंचेचाळीस लेकरं होती खोलीत. एकानं तोंड उघडलं नाई. उलट मांगच्या बाकावरचा एक पोट्टा मले म्हणे, "काका, बसा ना आरामात. पानी आनू का तुमच्यासाठी?" म्या मनात म्हटलं, काय संस्कारी लेकरं हायेत बाप्पा!

सरनं पेपर तपासले अन् खुर्चीतून उठून उभेच राह्यले. पालकायले फोन केले, फळ्यावर नावं लिहिली, मले बी म्हणे, "देवरावजी, तुमचा पायगुण चांगला आहे." पुढच्या रविवारी सर स्वतः बसले अन् सारी बॅच धपकन खाली आली. मंग चौकशी झाली. मी सांगून टाकलं, "सर, गाडी लेट होती." तवा सरले समजलं का मले घड्याळच येत नाई. मंग त्यायनं भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं, टेबलावर ठेवलं अन् दोन दुपारी बसून मले शिकवलं. काढून टाकलं असतं तं मी नाव ठेवलं नसतं. सर, हे लिहा. लाजू नका.

घड्याळ आलं अन् मले दुसरंच दिसाले लागलं. पेपरात काय लिहिलं हाय ते मले आज बी समजत नाई. पन पोट्टं कुठं अडकलं हाय ते मले वीस हातावरून समजते. अडकलेला पोट्टा पेन्सिल खात नाई, ते सिनेमात. अडकलेला पोट्टा एकदम सरळ बसते. श्वास धरते. पान पलटत नाई. हुशार असन तं जास्तच. एक होता, शाळेतला पहिला नंबर. पहिलाच सवाल अडला तं वीस मिनिटं त्याच्याशीच कुस्ती. म्या बाहेर आल्यावर म्हटलं, "काऊन रे, पुढं काऊन नाई गेला?" तो म्हंते, "काका, तो मला आला पाहिजे होता." म्या म्हटलं, "तो आला नाई तं तू जा ना बावा. तो का तुहा सोयरा हाय?"

कापूस वेचला असन त्याले हे समजते. पहिल्या वेचनीले बाया आपली आपली पात, म्हंजे ओळ, धरतात तवा फुटलेलं बोंड घेतात अन् अर्धं फुटलेलं झाडालेच ठेवतात. त्याच्यासाठी थांबली, नखानं उकरत बसली, तं बोटं रक्तानं भरतात, कापूस किडका निघते, अन् बाकी बाया वावराच्या टोकाले धुऱ्यावर पोचून पानी पिऊन राह्यल्या असतात. ते बोंड कुठं पळून जात नाई. दुसऱ्या वेचनीले आपोआप फुटून हातात येते.

हे मी एकदा सरले सहज बोलून गेलतो. दुसऱ्या दिवशी त्यायनं फळ्यावर लिहिलं, पहिली वेचनी अन् दुसरी वेचनी. साठ मिनिटात पन्नासही सवालांवरून एकदा जाचं. जे फुटलं हाय ते घ्याचं, जे नाई त्याच्यावर पेन्सिलची खून ठेवून पुढं. दोन मिनिटांच्या वर एका झाडाजवळ उभं राहाचं नाई. उरल्या वेळात खुना केलेल्यांकडे परत याचं. शेवटच्या पाच मिनिटात जे काही कोरं राह्यलं त्याले अंदाजानं ठोकाचं, काऊन का मार्क कापत नाई. एवढंच हाय शास्त्र. याच्यावर मोठमोठ्या शहरात जाडजूड पुस्तकं इकतात म्हंते.

केळझरचा एक पोट्टा होता. गणपतीचं गाव, घरचं लय धार्मिक. पेपर हातात आला का डोळे मिटे अन् स्तोत्र सुरू. म्या घड्याळावर धरलं, बराबर सात मिनिटं. म्हटलं, "बापू, नव्वदातली सात बाप्पानं नेली. तेवढ्यात चार सवाल होतात." तो म्हंते, "काका, मंधात सोडलं तं दोष लागते." म्या दोन दिवस इचार केला. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "तू गेटवर म्हन. आतमंधी येऊन फक्त शेवटचा नमस्कार कर." त्याले पटलं. बाप्पाले बी पटलं असन, पोट्ट्याचं काम झालं.

आता फेरीची गोष्ट.

दर दहा मिनिटाले मी खोलीतून एक फेरी मारो. दारापासून निघाचं, भिंतीच्या कडेनं मांगपर्यंत, मंधातल्या गल्लीतून परत. माह्या चपलेच्या टाचेत चांभारानं मोळे ठोकले होते, ती फरशीवर टक टक वाजे. पोट्ट्यायनं त्याचं गणित बसवलं. एका फेरीत आठ-नऊ सवाल. काका सहाव्यांदा आले का पहिली वेचनी संपली पाहिजे, नवव्यांदा आले का पेपर देऊन टाकाचा. कोणाले मान वर कराची गरजच नाई. सर पालकायले सांगे, "आमच्याकडे वेळेसाठी खास पद्धत आहे." अन् खास पद्धत तिकडे मोरीजवळ पोचा पिळून राह्यली असे.

मले लय अभिमान. दुसरीतून पळालेला मानूस इंजिनिअर घडवून राह्यला!

पन खरं सांगतो. ती फेरी त्यायच्यासाठी नवती. माही बायको कौसल्या मी क्लासात लागाच्या आंधीच्या वर्षी गेली. लेकरू आमाले झालं नाई. घरी मी, एक खाट अन् भात शिजवाचा एक गंज. पन घरच्या एकटेपनाची मले सवय झालती. घरी मी गंजाशी बी बोलतो, तो मंधात तोडत नाई. रविवारी त्या खोलीत पंचेचाळीस जन बसलेले असत, साऱ्यायचा श्वास आयकू येई, अन् कोणाले मी हाव का नाई याच्याशी घेनंदेनं नाई. दहा मिनिटं मी कसाबसा काढो. मंग उठून चालो. चाललं का कोणी बाकाखालची बॅग सरकवे, कोणी पाय आखडून घेई. तेवढ्यानं बरं वाटे. पाय आखडला म्हंजे कोणाले तरी मालूम पडलं का देवराव आला.

सरनं आता पेन थांबवला हाय. लिहा सर.

तं एका साली पल्लवी कुमरे आली. तळेगावकडची, जंगलाच्या कडेच्या गावची. बाप वनखात्याच्या रोजंदारीवर, मायही तिकडेच. पोट्टी इथी होस्टेलवर राहे. रविवारी टेस्ट झाली का सारे घरी जात, ही व्हरांड्यात बसून मायले फोन करे. त्यायची बोली गोंडी, मले काही समजत नसे. मी आपला तिथंच झाडून राहो. एकदा म्हटलं, "येवढा वेळ काय बोलते वं आई?"

"म्हंते, जेवली का."

"जेवली का म्हनाले अर्धा घंटा?"

"आमच्या भाषेत लागते, काका."

असी पोट्टी. गनितात तेज. सर म्हणे, सरकारी कॉलेज पक्कं. प्रायव्हेटचा सवालच नवता. बाप एकदा आलता भेटाले, डोक्याले दुपट्टा बांधून. मले सरच समजला अन् पायाच पडला. मी बी त्याच्या पाया पडलो. दोघंही वाकलेले, उठावं कोनं आंधी? मंग व्हरांड्यात चहा पेलो. तो म्हंते, "भाऊ, परीक्षा दोनदा हाय म्हंते. ज्याच्यात जास्त मार्क ते धरतात. दोनदा देऊ देतो तिले. तेंदूपत्त्याचा हंगाम बुडवून ठेवली हाय इथी. मांगं दोघं लहान हायेत, भाऊ. तिसऱ्यांदा काही होत नाई."

"नाई झालं तं?"

"नाई झालं तं येईन घरी. संगं पत्ता तोडीन. काय करते?"

तो हे रागानं बोलला नाई. एवढा सरळ बोलला का माहा चहा थंडा झाला.

पल्लवीची पहिली परीक्षा झाली नागपूरले. सरावात तिचे पन्नासातले बेचाळीस-त्रेचाळीस कधी चुकत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लास उघडाले गेलो तं ती पायरीवर बसलेली. डोळे सुजलेले. म्या म्हटलं, "काऊन वं, पेपर कठीन होता?"

"नाई. सोपा होता."

"मंग?"

"तुमी आलेच नाई, काका."

"कुठं?"

"फेरीले."

मी हासलो. माही हासाची जागा नेहमीच चुकते. मंग तिनं सांगितलं. एसीची खोली, प्रत्येकाच्या मंधात फळी, समोर स्क्रीन, कुठं चिटपाखरू बोलत नाई. वेळ स्क्रीनच्या कोपऱ्यात सरकून राह्यला होता, साऱ्यायले दिसे तसा तिलेही. पन तिले वेळ पाहाची सवयच नवती. वेळ आयकाची सवय. एकोणिसावा सवाल अडला. सरावात असा अडला का टक टक येई अन् ती सोडून पुढं जाय. तिथं ती उकरत बसली, पुढच्या अडलेल्यायवर बी तसंच. मनात हेच, का अजून काका आले नाई म्हंजे वेळ हाय. मान वर करून कोपऱ्यात पाह्यलं तं बारा मिनिटं उरली होती अन् ती तेहतीसाव्यावर.

"उरलेले सारे अंदाजानं ठोकले," ती म्हणे. "घाईत दोन तसेच राह्यले."

मी तिच्याजवळ पायरीवर बसलो. बाकी पोट्टे कसे निभले मालूम नाई. एखादा घरी घड्याळ लावून बसे, एखाद्यानं हातावर पाहाची सवय ठेवली होती. हिच्याजवळ ना हातावर घड्याळ होतं ना होस्टेलात कॉम्प्युटर. हिच्याजवळ मी होतो.

दुसरी परीक्षा तीन आठवड्यानं. मी सरले म्हटलं, "सर, आजपासून फेरी बंद."

सर म्हणे, "अहो, पद्धत आहे आपली."

"पद्धत नाई सर, खोड हाय. माही."

पहिल्या दिवशी मी खुर्चीवर बसलो अन् ठरवलं, नव्वद मिनिटं उठाचं नाई. दहा झाली. पाय आपोआप उठले. मी परत बसवले. वीस झाली. जो मानूस बैलाच्या मांगं दिवसभर चालला त्याले बसाचं काम देलं तं ते काम मोठं, मले कोनी आंधी सांगितलंच नाई. पंचविसाव्या मिनिटाले पल्लवीनं मान वर करून माह्याकडे पाह्यलं. मी भिंतीकडे पाह्यलं. ती पाहातच राह्यली. टेस्ट झाल्यावर माह्यासमोर येऊन उभी.

"काका, पाय दुखून राह्यले का?"

"नाई."

"मंग उठा ना. तीन आठवडेच तं हाय."

"तिथी मी नसतो, बाई. स्क्रीनकडे पाहा. कोपऱ्यात पाहा."

"इथी कुठं स्क्रीन हाय? इथी तुमीच हाय."

बोलनं बराबर होतं. सरनं मंग दोन झाकलेले कॉम्प्युटर उघडले. एकातून पाल निघाली, एकातून काहीच निघालं नाई. पाल निघालेला चालू झाला. पल्लवी त्याच्यावर रोज बसाले लागली. मी दारात खुर्ची टाकून.

फेरी बंद केली त्या दिवशी तिचे तीसच आलते, दुसऱ्या रविवारी आडतीस झाले. म्या म्हटलं, चाला, सुधारलं. तं ती म्हंते, "तुमी मान खाजवता दर दहा मिनिटाले. मले समजते."

मले सोताले मालूम नवतं! म्या हात मांडीखाली दाबून बसून पाह्यलं. मंग म्हंते खोकलता. खोकला दाबला तं म्हंते तुमी दाबून राह्यले ते समजते. आता काय करावं? इतकं बारीक माह्याकडे कौसल्येनं बी कधी पाह्यलं नाई. सांगतो ते हासाचं वाटते, पन त्या पोट्टीनं माही खाजवाची वेळ पाठ केली होती याचं मले आतून इतकं बरं वाटलं का मी तिथंच भेलो. एक जन माह्यावर इतकं ध्यान ठेवते, अन् तेच ध्यान तिचं नुकसान करून राह्यलं. तिचं कॉलेज जाईन, अन् मी तिथं खुर्चीवर बसून खूष होईन.

तवा मी खोलीतूनच बाहेर निघालो. व्हरांड्याच्या पार टोकाले, टाकीजवळ, चपला काढून. दार लोटलेलं. आतमंधी ती, कॉम्प्युटर अन् पाल कुठं असन तं. नव्वद मिनिटं. पहिल्या दिवशी ती मंधात दोनदा दारापर्यंत आली. मी दिसलो नाई तवा परत गेली. मले तिच्या पावलाचा आवाज आयकू आला, अन् मी टाकीच्या मांगं लपलो, साठीचा घोडा!

उरलेले दिवस ती माह्याशी नीट बोलली नाई. फोन करे तवा व्हरांड्यात नाई, गेटच्या बाहेर जाऊन करे. शेवटच्या रविवारी नव्वद मिनिटं झाली, दार उघडलं. ती बाहेर आली, मले दिसली. तिनं माह्याकडे पाह्यलं नाई. पान्याची बाटली भरली अन् सरले मार्क सांगाले गेली. चव्वेचाळीस.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र आली माह्याकडे. "काका, बाबा हंगामातून निघू शकत नाई. तुमी चाला ना माह्यासंगं नागपूरले. आत नका येऊ. गेटवर बसा. बाहेर हाय एवढं मालूम असलं तरी मले बरं वाटते."

जाचं मन किती होतं ते मी इथी सांगत नाई. सर लिहून राह्यले हाय. पन ती गेटवरच्या मानसाकडे कान लावून बसली असती.

म्या म्हटलं, "मले काम हाय."

"काय काम?"

"टाकी धुवाची हाय."

"टाकी तं परवाच धुतली तुमी."

"बराबर नाई धुतल्या गेली."

होस्टेलातल्या एका मैत्रिनीसंगं गेली. मी टाकी धुतली. दुपारी पुन्हा धुतली. सर आले, पाहून म्हणे, "देवरावजी, टाकीला भोक पडेल." म्या म्हटलं, "पडू द्या."

संध्याकाळी मी मोबाइल खिशात न ठेवता हातात धरून बसलो. फोन आला नाई. दुसऱ्या दिवशी बी नाई. पयले वाटलं, बॅलन्स संपला असन. मंग वाटलं गावाले गेली असन, तिकडे जंगलात टावर नाई. आठ दिवसानं म्या ठरवलं, रागावली असन. पंधरा दिवसानं ध्यानात आलं का रागावनं बी नसन, विसरली असन, अन् विसरावं अशीच तं आपली इच्छा होती. इच्छा पुरी झाली का मानूस कसा मोकळा मोकळा होते, नाई? मी नवीन बॅचसाठी बाकं पुसली.

निकाल सरनंच सांगितला. सरकारी कॉलेज, पहिल्याच यादीत नाव. सर खुर्चीतून उठून उभे राह्यले, पन आता खऱ्याखुऱ्या कारनानं. मी म्हटलं, "बरं झालं," अन् झाडू घेऊन मांगच्या खोलीत गेलो, तिथं झाडलेलं होतं तरी.

आखाडात एक दिवस ती आली, बापासंगं. होस्टेलातली पेटी न्याची होती अन् सरजवळचे कागद. बाप रिक्षात पेटी चढवून राह्यला होता. तिनं मले वाकून नमस्कार केला. मी विचारलं, पेपर कसा गेला ते सांग. काऊन का मार्क मले समजत नाई, गेला कसा ते समजते.

"पहिली वेचनी अठ्ठावन्न मिनिटात झाली," ती म्हणे. "चौदा सोडले होते. परत येऊन त्यातले आठ निघाले. बाकी ठोकले. सारं झालं तवा कोपऱ्यात पाह्यलं तं चार मिनिटं उरली होती."

"चार! मंग काय केलं चार मिनिटं? पुन्हा तपासलं?"

"नाई. हात मांडीवर ठेवून बसली. एकदम चूप होतं तिथी. बरं वाटलं."

मी इतकी वर्षं त्या खोलीत चार मिनिटं तशी काढू शकलो नाई. म्या थोडा खाकरलो. म्हटलं इचारून तं पाहावं.

"कोणाची आठवन आली का?"

तिनं खरोखर इचार केला. पोट्टी खोटं बोलत नाई, हे तिच्यात वाईट हाय.

"नाई काका," ती म्हणे. "कोणाचीच नाई."

तिकडून बापानं हाक मारली, रिक्षावाला घाई करून राह्यला होता.

म्या म्हटलं, "बराबर केलं. जा."